मुसळ आणि गुलाबपाणी

“म्या न्हाई करायची सासूचं काम,” असं म्हणून कमळाकाकींनी हातातलं मुसळ समाजमंदिराच्या भिंतीला टेकवलं आणि त्या चपला शोधायला लागल्या.

“अहो पण काकी, काल तर झकास करत होता!” मी म्हणाले.

“काल माजी सून तालीम बघाय आली न्हवती. आज आली. म्या मुसळ उगारलं तशी फिदीफिदी हसली. म्हनली, आत्ती, तुमाला ह्यात काय पाठ कराय लागलं न्हाई. आता सांग मला. उद्या घरात काय बोलाय गेले की ही म्हननार, नाटक संपलं बरं का आत्ती.”

बाकीच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या, पण मुसळ उचलायला एकही पुढं येईना. मालनला विचारलं तर ती म्हणाली, तिची सासू पहिल्या रांगेत बसणार, आणि नाटकातली सासू कुणावरून उचलली हे तिच्या लगेच ध्यानात येणार. आमच्या बोरजाईवाडीच्या महिला मंडळात सासवा होत्या तशा सुनाही होत्या, आणि नाटक झाल्यावर सगळ्यांना आपापल्या घरीच परत जायचं होतं. ही अडचण लिहिताना माझ्या डोक्यात आली नव्हती.

नाटक निर्धूर चुलीचं होतं. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. मातीची, दोन भांड्यांची, मागून नळी वर गेलेली आणि धूर घराबाहेर सोडणारी ती चूल गावोगाव बसवायची मोहीम निघाली होती. त्यासाठी तालुक्याला महिला मंडळांची एकांकिका स्पर्धा ठेवली होती. मी नवी सून, चार बुकं शिकलेली, लिहायची हौस असलेली. नाटक मी लिहिलं, सुनेचं कामही स्वतःकडे घेतलं. खाष्ट सासू जुन्या चुलीला धरून बसते, सुनेनं बसवलेली नवी चूल मुसळानं फोडायला धावते, सून तिला निर्धूर चुलीचे फायदे सांगते, सासूचे डोळे उघडतात, पडदा. असं सरळसोट काम होतं.

माझ्यासाठी मात्र ते साधं नव्हतं. त्याच्या आधी माझी एक गोष्ट साताऱ्याच्या एका साप्ताहिकात छापून आली होती. एक पोरगी संध्याकाळी नदीकाठी एकटीच बसून राहते, एवढीच ती गोष्ट. आमच्या आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती माझ्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतली. वाचून संपल्यावर त्यांनी विचारलं,

“मग फुडं?”

“पुढं काही नाही. ती तिथंच बसते.”

“आनि ह्येचा उपेग काय?”

आत्तींनी मग व्यवहार ठरवूनच टाकला. “हे बघ शैले, घरात दोन म्हशी, रानात भांगलन, आनि तू बसनार कागद काळं करत. मला सांग, कुनाच्या उपेगाचं तरी लिही. एकदा तसं लिहून बघ. बक्षीस आलं तर तू बस लिहीत, भाकरी म्या थापीन. न्हाई आलं तर बंद.”

आमचे हे साखर कारखान्यावर कामाला, रविवारी तेवढे घरी यायचे. त्यांच्याकडे दाद मागितली तर ते म्हणाले, “आईचा शब्द आहे, मी काय बोलू.” तेव्हा माझं लिहिणं राहणार की जाणार हे त्या चुलीवर ठरणार होतं. आज कुठल्या सभेत कुणी मला विचारतं, बाई, लेखकानं गोष्टीतून काही शिकवावं का, तेव्हा आधी मला ते भिंतीला टेकवलेलं मुसळ दिसतं.

तर मुसळ तसंच पडून राहिलं. त्या दिवशी समाजमंदिराच्या दारात आत्ती तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. तालमीला त्या रोज यायच्या, पण आपलं काम घेऊन. नाटक बघतोय असं दाखवायचं नाही, असा त्यांचा बाणा.

“आन ते हिकडं,” आत्ती सूप बाजूला ठेवून म्हणाल्या. “मी करती.”

मी थक्क झाले. “आत्ती, तुम्ही?”

“का? मला सून न्हाई व्हय? आनि तू काय हसनार हायस मला? तू तर समोर हुबी ऱ्हानार.”

“पण पाठांतर...”

आत्तींनी मुसळ कमरेला टेकवलं आणि सासूचं पहिलं भाषण घडाघडा म्हणून दाखवलं. नुसतं म्हटलं नाही, मध्ये कमळाकाकी जिथं अडखळायच्या तिथं त्यांनी त्यांचं अडखळणंही करून दाखवलं. बायका खोखो हसल्या. कमळाकाकींना चपला सापडल्या होत्या, तरी त्या परत येऊन बसल्या.

आमचे सासरे तात्या यांना ही बातमी कळली तेव्हा ते बाजारातून आले होते. पिशवीतून त्यांनी आधी गुळाचा खडा काढला, मग तंबाखू, आणि मग नेहमीप्रमाणं गुलाबपाण्याची छोटी बाटली. ती त्यांनी चुलीवरच्या कोनाड्यात ठेवली. आत्तींच्या डोळ्यांना पाणी येतं म्हणून तात्या दर बाजारी ती आणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हाही आणत होते आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आणत होते. त्या घरात दिवाळी चुकली असती, पण गुलाबपाणी चुकलं नसतं.

“नाटकात काम करती म्हनं,” तात्या मला म्हणाले.

“हो. सासूचं.”

“त्ये बराय,” तात्या म्हणाले. “लई अवघड काम दिऊ नगा. तिचं डोळं नाजूक हायती.”

शेवटच्या तालमीला विस्तार अधिकारी कोळेकर साहेब आले. मोहिमेची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि माणूस मनापासून तिच्यात शिरला होता. त्यांच्या स्वतःच्या घरी निर्धूर चूल होती आणि मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवरही त्यांनी तिचं चित्र छापलं होतं. तालीम बघून ते खूश झाले, पण थोडे अस्वस्थही.

“बाई, मध्ये एक पान असं गेलंय की त्यात चूल आलीच नाही.”

“तिथं सासू आणि सून भांडतात, साहेब.”

“भांडू द्या. पण चुलीवरून भांडू द्या. प्रेक्षकाच्या मनावर हेतू ठसला पाहिजे. त्यानं घरी जाताना चूल घेऊन गेलं पाहिजे.”

मी ते पान बदललं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. मला बक्षीस हवं होतं. सुनेच्या शेवटच्या भाषणात मी आणखी दोन फायदे घातले. एक सरपणाच्या बचतीचा आणि दुसरा डोळ्यांचा. डोळ्यांचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं. ‘आत्ती, या चुलीला धूर नाही. आता तुमच्या डोळ्यांना कधी पाणी येणार नाही.’

स्पर्धेच्या दिवशी पंचायत समितीच्या आवारात मोठा मांडव घातला होता. दुपारची वेळ, ऊन कनातीतून गाळून येत होतं. सगळ्या नाटकांसाठी कोळेकर साहेबांनी एक खरी निर्धूर चूल फळीवर बसवून रंगमंचावर आणून ठेवली होती. तिची नळी मागच्या कनातीतून बाहेर काढलेली. प्रत्येक नाटकात ती खरोखर पेटवायची, म्हणजे लोकांना प्रत्यक्ष दिसेल, अशी त्यांची कल्पना. चूल खरंच चांगली होती. फुरफुर जाळ लागायचा, आणि धूर म्हणाल तर नावालाही नाही.

आमच्या आधी शेजारच्या गावचं नाटक झालं. त्यात डॉक्टर निर्धूर चुलीची शिफारस करत होता, तलाठी करत होता, आणि शेवटी गावची देवी प्रकट होऊन म्हणत होती की मला यापुढं निर्धूर चुलीवरचाच नैवेद्य चालेल. कोळेकर साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, गेलं आपलं बक्षीस. आपल्याला देवी कशी सुचली नाही.

परीक्षक दोघं होते. कोळेकर साहेब आणि कॉलेजातले प्राध्यापक निमकर. निमकर सर चष्मा कपाळावर चढवून बसले होते, आणि देवी प्रकट झाली तेव्हा त्यांनी तो पुसायला काढला होता.

आमचा पडदा वर गेला. तात्या दुसऱ्या रांगेत, धुतलेल्या फेट्यात. आत्तींनी पहिल्याच वाक्याला मांडव खिशात घातला. मी लिहिलेली सासू नुसती आरडाओरड करायची. आत्तींची सासू हळू आवाजात टोमणे मारायची, आणि टोमणा मारून झाला की तोंड पुसायची. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. कमळाकाकींची सून इतकी हसली की तिचं मूल जागं झालं.

मग शेवटचा प्रसंग आला. आत्ती मुसळ घेऊन आत आल्या. चूल फुरफुरत होती. त्यांनी मुसळ उगारलं आणि मी आडवी आले.

“थांबा आत्ती!” मी म्हणाले, आणि फायदे सांगायला लागले. सरपण कमी लागतं. भांडी काळी होत नाहीत. भिंती काळ्या होत नाहीत. आत्ती मुसळ उगारून उभ्या होत्या, ठरल्याप्रमाणं. मग मी माझं लाडकं वाक्य टाकलं. “आत्ती, या चुलीला धूर नाही. आता तुमच्या डोळ्यांना कधी पाणी येणार नाही.”

यावर त्यांनी मुसळ टाकून ‘पोरी, तू माझे डोळे उघडलेस’ असं म्हणायचं होतं.

आत्तींनी मुसळ खाली घेतलं. टाकलं नाही, खाली टेकवलं आणि त्याच्या आधारानं त्या चुलीपुढं बसल्या. जाळाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, वाक्य विसरल्या. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, “पोरी, तू माझे...”

“धूर न्हाई व्हय,” आत्ती म्हणाल्या. “मग आता म्या रडायचं कुटं?”

मांडवात कुणी तरी हसलं आणि मध्येच थांबलं.

“तेराव्या वर्सी आले मी ह्या घरात,” आत्ती जाळाशीच बोलल्या. “पंचमी आली की माजा भाऊ मुराळी म्हनून न्ह्यायला यायचा. येवढंसं पोरगं, डोक्याला टोपी, हातात लाह्याची पुरचुंडी. आनि माजी सासू त्येला दारातनंच माघारी धाडायची. कवा म्हस व्याली म्हनून, कवा भांगलन हाय म्हनून. त्यो वळून वळून बघत जायचा. गावातल्या पोरी वडाला झोका बांधायच्या, त्येंची गानी चुलीपातुर ऐकाय यायची. म्या फुकनी घ्यायची आनि चूल फुकायची. सासू इचारायची, का गं डोळ्याला पानी? म्या म्हनायची, धूर गेला.”

मी तिथं उभी होते, पण माझ्या हातात आता एकही वाक्य नव्हतं. पडद्याआडून कोळेकर साहेबांचा एक कारकून दबक्या आवाजात ओरडत होता, “चुलीवर या! बाई, चुलीवर या!” त्या तर चुलीपाशीच होत्या. जाळ स्वच्छ होता, आणि आत्तींच्या गालावरून ओघळलेलं पाणी शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत फेटा हलला. तात्या उभे राहिले होते.

“आगं,” ते म्हणाले. त्यांना नाटकाचं भान राहिलं नव्हतं. “म्हंजी, डोळं दुकत न्हवतं व्हय?”

आत्तींनी मान वर केली. पदरानं नाक पुसलं आणि रंगमंचावरूनच उत्तर दिलं.

“न्हाई वो. डोळं चांगलं हायती माजं.”

“मग मी त्ये गुलाबपानी आनतोय, दर बाजारला? लगीन झाल्यापासनं आनतोय की!”

“आनताय.”

“मग कवा बोलली का न्हाईस?”

“काय बोलू? तुमच्या आईफुडं तुमाला तोंड न्हवतं. पर डोळ्याला पानी येतं म्हनून तुमी त्या वयात बाजार पालथा घालून बाटली आनली. म्या म्हनलं, येवढं तरी कुनी केलं. घालत ऱ्हायले.”

तात्या उभेच. फेटा सारखा करायला हात वर गेला तो तिथंच राहिला. “मग आता बंद करू?” त्यांनी विचारलं.

“तर वो!” आत्ती एकदम कडाडल्या. “बंद कशापायी? आनायचं बंद केलं तर बघा मग.”

मांडव फुटला. हसत होते, डोळे पुसत होते, काही बायका दोन्ही एकदम करत होत्या. मालनची सासू मालनच्या खांद्यावर हात ठेवून बसली होती, आणि मालनला त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. मलाही माझे डोळे आवरेनात. पण नाटक तर संपवायला हवं होतं, आणि पडद्याची दोरी धरणारा माणूस तोंड उघडं टाकून बघत होता. मी सुचलं ते विचारलं.

“आत्ती, मग ही चूल फोडायची का ठेवायची?”

आत्तींनी चुलीकडं पाहिलं, मग दुसऱ्या रांगेकडं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “आता त्येंस्नी कळलंय. आता मला धूर कशाला पायजे?”

पडदा पडला तो त्या दोरीवाल्याच्या डोक्यावरच पडला, इतका तो बावचळला होता.

निकाल लावताना दोघा परीक्षकांचं सगळ्यांदेखत वाजलं. “मोहीम चुलीची आहे सर,” कोळेकर साहेब म्हणाले, “यात चूल कुठं राहिली? लेखिकेनं हेतूच सोडून दिला!” निमकर सर म्हणाले, “सोडून दिला म्हणून तर नाटक झालं. हेतू त्या देवीच्या नाटकात होता की भरपूर. मी चष्मा पुसत होतो.” “अहो, पण समाजाला काही द्यायला नको?” “हे काय दिलं मग आत्ता?” असं बराच वेळ चाललं. दोघंही भली माणसं, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं. मी मध्ये उभी राहून एकदा याच्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत होते, कारण ती लेखिका मी होते आणि त्या हेतू सोडण्यात माझा काडीचा हात नव्हता.

“साहेब, लवकर काय त्ये उरका,” शेवटी आत्ती म्हणाल्या. “धारा काढायच्या हायती. आमची एस्टी जाईल.”

पहिलं बक्षीस देवीला गेलं. दुसरं, तिसरंही दुसरीकडं. आम्हाला काही मिळालं नाही. फक्त चुलीच्या नावनोंदणीच्या टेबलाशी मात्र गर्दी झाली, आणि त्या गर्दीत सगळ्यात पुढं, फेटा वाकडा झालेला, तात्या उभे होते. घरी निर्धूर चूल बसवायची म्हणून सांगत होते. कोळेकर साहेबांनी त्यांचं नाव लिहून घेतलं आणि पेनचं टोपण लावायला विसरून माझ्याकडं बघत राहिले.

एस्टीत तात्या खिडकीकडं तोंड करून बसले होते. गावाजवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, “टोपी व्हती त्येच्या डोक्याला. लाल. मला याद हाय.” आत्तींनी पदराखालून दोन शेंगा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या झाल्यावर मी माझे कागद घेऊन आत्तींपुढं जाऊन बसले. शब्द तो शब्द. कागद मी दोरीनं बांधले होते. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले.

“आत्ती, बक्षीस आलं नाही.”

“न्हाई आलं.”

“मग ठरल्याप्रमाणं...”

“ठरल्यापरमानं बंद,” आत्ती म्हणाल्या. परातीतलं पीठ झटकून त्यांनी हात पुसले. “त्ये उपेगाचं लिहिनं बंद. तुला जमत न्हाई त्ये. पन्नास येळा चूल, चूल! माजं तोंड आंबलं पाठ करून.”

नीट ऐकलं की नाही, ते मला कळेना.

“आनि ती नदीवर बसलीय त्या पोरीचं काय केलंस?”

“कुठल्या?”

“कुटल्या म्हनं! छापून आलीती ती. कवाची बसलीय तिथं. ती कशापायी बसलीती गं? रडाय बसलीती का?”

खरं सांगायचं तर, ते लिहिताना मलाही माहीत नव्हतं. मला फक्त ती बसलेली दिसली होती. तसं मी म्हणाले.

“मग बघ की नीट,” आत्ती म्हणाल्या. “तिला एकटीला सोडून आलीस आनि हितं चुली इकत बसलीस.”

त्यांनीच माझे कागद सोडले आणि दोरी पडवीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली. “नवं कागद बांधाय ही लागंल,” म्हणाल्या.

चूल उन्हाळ्यात बसली. गवंडी आला तेव्हा तात्या दिवसभर त्याच्या डोक्यावर उभे राहून नळी सरळ आहे की वाकडी ते बघत होते. आणि श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी, ते स्वतः आत्तींना घेऊन त्यांच्या माहेरी निघाले. भाऊ आता आजोबा झाला होता, टोपी कुठली राहायला. आत्तींनी पिशवीत लाह्या घेतल्या होत्या, आणि त्या सांडतील म्हणून तात्यांनी ती पिशवी बैलगाडीत मांडीवर धरली.

त्या परत आल्या त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसून लिहीत होते. आमटीला आधण आलं होतं, जाळ फुरफुरत होता. नदीवरच्या त्या पोरीचं मला थोडं थोडं कळायला लागलं होतं, आणि जे कळलं ते कागदावर उतरवताना अक्षरं धूसर झाली. आत्तींनी पिशवी खाली ठेवली. कोनाड्यात तात्यांनी नवी बाटली ठेवली होती, ती त्यांनी सरळ केली, आणि मग माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं.

“का गं, डोळ्याला पानी?”

“धूर...” मी म्हणाले.

दोघींनीही एकदमच नळीकडं पाहिलं. मग आम्ही हसत सुटलो, इतक्या की तात्या काय झालं म्हणून दारात येऊन उभे राहिले. आत्ती भिंतीला टेकून बसल्या. पाय पसरले, पदर सारखा केला.

“आता धूर न्हाई,” त्या म्हणाल्या. “खरं काय त्ये वाच.”

मी डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.